हातगुण

चौगुले सिस्टरांच्या हाताला गुण आहे, असं अख्खं गडहिंग्लज म्हणायचं. कुणी तोंडावर म्हटलं की वृषाली चौगुले "छे हो, काहीतरीच" म्हणून लाजल्यासारखं करायची. पण आतून तिला भारी बरं वाटायचं. का वाटू नये? आयुष्यभर दुसऱ्यांच्या जखमा धुतल्या, पू पुसला, पट्ट्या बदलल्या, आणि त्या सगळ्याच्या बदल्यात बाईला मिळालेली ही एवढी एकच पदवी. तीसुद्धा लोकांनी आपखुशीनं दिलेली.

हातगुण म्हणजे काय, हे आपल्याकडं कुणाला समजावून सांगावं लागत नाही. तीच गोळी, पण या डॉक्टरनं दिली की उतार पडतो आणि त्यानं दिली की पडत नाही. एकीनं लावलेलं रोप धरतं, दुसरीनं लावलेलं जळून जातं. वृषालीनं बांधलेली जखम धरायची. पहिल्यापासूनच धरायची, पण गेल्या दीड-दोन वर्षांत तर कहर झाला होता. पोटाचं ऑपरेशन झालेला माणूस तिसऱ्या दिवशी चालत घरी जायचा. खुरपं लागलेली बाई सकाळी आली, तर संध्याकाळी तिला स्वतःची जखम शोधावी लागायची. मग काय, लोकांना निमित्तच हवं असतं. बारशाला बाळ मांडीवर घ्यायला चौगुले सिस्टर, आजाऱ्याला औषधाचा पहिला घोट पाजायला चौगुले सिस्टर, परीक्षेला निघालेल्या पोरीच्या डोक्यावर हात ठेवायला चौगुले सिस्टर. आणि बाई हौसेनं जायची.

खरं कारण 'सांधणी' होतं, आणि ते तिला पक्कं ठाऊक होतं. पण कौतुक आपल्या नावावर जमा होत असताना दुरुस्ती कोण करत बसतो?

जखम मिटवायच्या रीती तशा जुन्याच. वृषाली ज्या रुग्णालयात काम करायची, तिथल्या सर्जन डॉ. शहनाज मुल्ला त्या रीती नव्या मुलींना पहिल्याच दिवशी सांगत. स्वच्छ कापलं असेल तर दोन्ही कडा जुळवा आणि टाके घाला. घाण असेल, आत पू असेल, तर अजिबात शिवू नका; उघडी ठेवा, रोज धुवा, तळापासून भरत वर येऊ दे. शंका असेल तर चार दिवस वाट बघा आणि मग शिवा. "तळ भरायच्या आधी तोंड मिटलं, तर ती जखम बरी झालेली नसते," मॅडम सांगत. "ती फक्त दिसेनाशी झालेली असते."

सांधणीनं या सगळ्याला फाटा दिला. दिसायला ती बोटभर रुंदीची पारदर्शक पट्टी होती, पण तिच्यावर औषध नव्हतं, जिवाणू होते. आपल्या कातडीवर एरवीही कोट्यवधी जिवाणू गुपचूप नांदत असतात. त्यांतल्याच एका निरुपद्रवी जातीच्या जनुकांत फेरफार करून कंपनीनं तिला कामाला जुंपलं होतं. पेशी फाटली की तिच्यातले काही रेणू बाहेर सांडतात. त्यांचा सुगावा लागला की हे जिवाणू जागे होत, आधी एक चिकट द्रव सोडून उघड्या कडा एकमेकींना चिकटवत, आणि मग भोवतालच्या पेशींना झपाट्यानं वाढायला लावणारी प्रथिनं तयार करत. पंधरवड्याचं काम दोन दिवसांत. मग हे सगळीकडं पसरणार नाहीत का? तर नाही, कारण जगायला त्यांना एक विशिष्ट द्रव्य लागे, आणि ते पट्टीतच भरलेलं असे. पट्टी सुकली की सगळे उपाशी मरणार. कंपनीनं तसं रंगीत चित्रच वॉर्डात लावून ठेवलं होतं.

घरी तिचा नवरा होता, रणजित. एके काळी कोल्हापूरपासून निपाणीपर्यंत कुठंही कुस्त्यांचं मैदान भरलं की निवेदनाला रणजित चौगुलेच लागायचा. पैलवान मैदानात उतरायच्या आधी याचा आवाज उतरायचा, आणि मागं बसलेली म्हातारी माणसंसुद्धा उठून उभी राहायची. मग तंबाखूचा मावा नडला. घशाचा कर्करोग झाला आणि जीव वाचवायचा तर स्वरयंत्र काढून टाकणं भाग पडलं. श्वासनळीचं तोंड गळ्यावर आणून कातडीला शिवून टाकलं. नाकातोंडाचा आणि श्वासाचा संबंध संपला. गळ्याच्या मधोमध अंगठा बसेल एवढं भोक, त्यात मऊशी आखूड नळी, आणि या जगातली जी काय हवा त्याच्या वाट्याला यायची ती तिथूनच. आत श्वासनळी आणि अन्ननळी यांच्या मधल्या पडद्याला आणखी एक बारीक भोक पाडून त्यात चिमुकली झडप बसवली होती. गळ्यावरच्या भोकावर अंगठा दाबला की हवा झडपेतून तोंडाकडं वळायची आणि घोगरा का होईना, आवाज निघायचा.

म्हणजे माणूस दोन भोकांवर चालला होता. एकातून जगायचा, दुसऱ्यातून बोलायचा. रोज सकाळी वृषाली ती दोन्ही साफ करायची, आणि तीही उघड्या हातांनी, कारण तिनं मोजे चढवले की तो चिडायचा.

"मोजे तिकडं दवाखान्यात घाल," अंगठा दाबून तो म्हणायचा. "मी काय पेशंट आहे तुझा?"

"मग कोण आहात?"

"गिऱ्हाईक आहे. फुकट्या गिऱ्हाईक."

ती हसायची आणि त्याच्या गळ्याभोवती ओला कापूस फिरवायची. लग्नाला इतकी वर्षं झाल्यावर नवराबायकोत जे काही उरतं, ते त्या दोघांत त्या कापसापाशी होतं.

पहिली कुणकुण लागली ती सोनाराकडून. पोतदारकाका एका सकाळी घरी आले ते घाम पुसतच.

"वैनी, अब्रू जायची पाळी आली ओ माझी," ते म्हणाले. "सकाळी बाळाचे कान टोचतोय, तार घालतोय, आणि संध्याकाळपर्यंत भोक मिटतंय. कान पिकत नाही, सुजत नाही, पोर रडतसुद्धा नाही. नुसतं मिटतंय! आणि लोक म्हणतात, पोतदारानं सोन्यात तांबं घातलं."

"मग मी काय करू, काका?"

"तुमच्या हाताला गुण आहे. उद्याच्या बाळाला तार तुम्ही घाला. कान धरंल."

आतून रणजितचं घोगरं हसू ऐकू आलं. वृषालीनं एक साधी गोष्ट विचारायला हवी होती, की कान मिटले ती बाळं कुणाकुणाची. विचारलं असतं तर कळलं असतं, की त्यातलं प्रत्येक बाळ तिनंच बारशाला मांडीवर घेऊन कुरवाळलं होतं. पण तिला ते सुचलं नाही. दुसऱ्या दिवशी ती नवी साडी नेसून गेली आणि पोतदारांनी टोचलेल्या कानात तिनं स्वतःच्या चिमटीनं सोन्याची तार घातली. पंगत उठेपर्यंत कान मिटला होता, तार आत ठेवून. पुढून भोक नाही, मागून नाही. गुळगुळीत कातडीखाली नुसती एक पिवळी रेघ दिसत होती.

"आता चोरीला जायची भीती नाही," बाळाची आई हसत म्हणाली. सगळे हसले. वृषाली मात्र त्या रेघेवरून पुन्हा पुन्हा बोट फिरवत राहिली.

त्याच आठवड्यात वॉर्डात कल्लाप्पा नावाचा एक साखरेचा रोगी आला, पाठीवर हे एवढं गळू घेऊन. डॉ. मुल्लांनी ते फोडलं, पू काढला आणि बजावलं, सांधणी लावायची नाही, उघडं ठेवायचं. वृषालीनं आत औषधाची जाळी भरली. भरताना मोज्याचं एक बोट फाटलं होतं. तेवढ्याकडं कोण लक्ष देतो?

दुसऱ्या दिवशी सकाळी कल्लाप्पाची पाठ कोरी होती. जखम नाही, व्रण नाही. त्याच्या बायकोनं वृषालीचे पाय धरले. वृषाली पाय सोडवून घेत होती आणि तिच्या मनात एकच प्रश्न घोळत होता: जाळी कुठं गेली? जाळी आत होती, आणि पूही आतच होता. मॅडमनी पाठ पुन्हा उघडली तोवर विष रक्तात उतरलं होतं, आणि दोन दिवसांत माणूस गेला. 

मग रणजित. दुपारी जेवताना त्याला जोराचा ठसका लागला आणि झडप निसटून तळहातावर आली. यात घाबरण्यासारखं काही नव्हतं, पूर्वीही असं झालं होतं; तसंच दवाखान्यात जायचं, मॅडम नवीन झडप बसवायच्या. वृषालीनं त्याला गाडीत घातलं आणि लगोलग नेलं.

डॉ. मुल्लांनी गळ्यातून दिवा घालून आत पाहिलं. बराच वेळ पाहिलं.

"सिस्टर, झडप कुठं होती?"

"मागच्या बाजूला, मॅडम. तुम्हीच बसवलीय की."

"तिथं आता भोक नाही."

रणजितनं गळ्यावर अंगठा दाबला. ओठ हलले, मानेच्या शिरा फुगल्या, चेहरा लाल झाला. आवाज आला नाही. त्यानं पुन्हा दाबला. ज्या माणसानं भोंगा बंद पडला तरी हजारांचं मैदान नुसत्या घशावर पेललं होतं, तो तिथं खुर्चीत बसून ओठ हलवत होता. वृषालीला ते बघवलं नाही. ती भिंतीकडं तोंड करून रडली.

मॅडमचं लक्ष मात्र तिच्या हातांकडं होतं.

त्यांनी सगळ्या सिस्टरांच्या हातांवरचे नमुने घेतले. तपासणीचं उत्तर आलं तेव्हा त्यांनी वृषालीला खोलीत बोलावून दार लावून घेतलं.

"सांधणीचे जिवाणू तुमच्या हातांवर घर करून राहिलेत, सिस्टर. बहुतेक जणींच्या हातांवर आहेत, तुमच्या सर्वांत जास्त."

"अहो पण मी दिवसभर हात धुते, मॅडम! साबणानं, स्पिरिटनं..."

"म्हणूनच," डॉ. मुल्ला म्हणाल्या. "सारखे धुऊन हातांना बारीक भेगा पडतात. त्या भेगांमधून जे पाझरतं, त्यात त्यांना हवं ते द्रव्य थोडं थोडं मिळतं. कंपनीनं पट्टीचा विचार केला. पट्टी लावणाऱ्या हाताचा केला नाही. आणि एका हातावरून दुसऱ्यावर जाताना ते चपळ होत गेलेत. आता दोन दिवस लागत नाहीत."

वृषालीच्या डोळ्यांसमोर एकेक बारसं आलं. एकेक डोकं, ज्याच्यावर तिनं हात ठेवला होता. गावात आता लागण न झालेली किती घरं उरली असतील, याचा हिशेब तिनं सुरू केला आणि सोडून दिला. मग तिला जे विचारायचं होतं तेच तिनं विचारलं.

"ह्यांचं गळ्याचं भोक?"

मॅडमनी तपासणीचा कागद उलटा ठेवला. "कडेला कातडी धरलीय तोवर ठीक. पण खोकल्यानं, नळीच्या घासण्यानं रोज थोडं खरचटतं ना आत? जिवाणूंना तेवढं पुरतं. शरीराच्या लेखी ते भोक ही न भरलेली जखमच आहे."

"मग कापून मोठं करा की!"

"कापणं म्हणजे नवी जखम. जेवढं कापेन तेवढं ते हुरूपानं भरतील." मॅडम म्हणाल्या. "त्यांना मारणारं औषध शोधताहेत, निघेल. तोवर तुमच्या मिस्टरांना तुम्ही हात लावायचा नाही. आणि इथं भरती करू नका. इथं प्रत्येक हातावर तेच आहे."

त्या दिवसापासून वृषालीनं बिछाना बाहेरच्या खोलीत टाकला. रणजित आतल्या खोलीत आरशात बघून स्वतःचा गळा स्वतः पुसायचा. मध्ये दार उघडं असायचं. ती दारातून सांगायची, "अहो, डावीकडं राहिलं," आणि तो मान डोलवायचा. बोलणं असं काही उरलंच नव्हतं. तो ओठ हलवायचा आणि ती ओळखायची.

फाटकापाशी माणसं येतच राहिली. एवढी दवंडी पिटली, टीव्हीवर आलं, तरी येत राहिली. एक बाई तर भाजलेलं पोर घेऊन आली आणि म्हणाली, "लांबून तरी हात दावा, सिस्टर." वृषाली तिच्यावर अशी ओरडली, की समोरच्या घरांची दारं उघडली. "गुण नाही माझ्या हाताला! रोग आहे, रोग! जा इथनं!" बाई गेली, पण जाताना फाटकाच्या ज्या कडीला वृषालीचा हात लागायचा, तिच्यावर हात फिरवून तो पोराच्या अंगाला लावून गेली.

मग तिनं हातांवरच राग काढायला सुरुवात केली. आधी ब्लीच, मग घासणी, आणि शेवटी फरशीचं ॲसिड. कातडी पांढरी पडली, सुटली, सोलून निघाली. खाली लाल, ओलं मांस. एका सकाळी उठली तर उजव्या हाताची दोन बोटं एकमेकांना जुळलेली. खरं तर हे तिला नवं नव्हतं. भाजलेल्या माणसाची बोटं वेगवेगळी बांधायची, मध्ये कापड घालायचं, नाहीतर सोललेल्या दोन बाजू एकमेकींना लागल्या की एक होतात, हे तिनंच कितीतरी पोरींना शिकवलं होतं. तिनं दात आवळले आणि बोटं ओढून वेगळी केली. रक्त आलं आणि बघता बघता थांबलं.

आतल्या दारात रणजित उभा होता. त्याचे ओठ हलले. नको करूस, नको.

"करणार," ती म्हणाली. "हे हात गेले तरी चालतील मला. तुम्ही राहा."

आणि ती पुन्हा मोरीत गेली.

मग एके दिवशी सकाळचं ऊन नुकतं ओट्यावर आलं होतं. आतून स्टीलचं ताट बडवल्याचा आवाज आला. काही लागलं तर ताट वाजवायचं, असं त्यांचं ठरलं होतं. पण हे वाजवणं वेगळं होतं. ती धावत गेली. रणजित पलंगाच्या कडेला बसला होता, नळी हातात, डोळे फाटलेले. नळीच्या टोकापुढं मांस वाढून वाट अडली होती, म्हणून त्यानं ती उपसून काढली होती. आणि नळी निघताच भोकाच्या कडा आत सरकायला लागल्या होत्या. अंगठ्याएवढं भोक आता बोराच्या बीएवढं होतं. श्वास शिट्टीसारखा वाजत होता.

तिनं फोन लावला आणि तो पलंगावर फेकला.

"लांब नळी घेऊन निघाले मी," डॉ. मुल्लांचा आवाज आला. "कडा ताणून धरा, सिस्टर. काहीही झालं तरी मिटू देऊ नका."

तिनं मोजे ओढले. सोललेल्या ओल्या बोटांवर ते चढेनात. एक चिकटला, एक टराटरा फाटला. रणजितचे ओठ निळे पडत होते. तो हातानं तिला लांब हो म्हणून खुणावत होता, आणि त्याच हातानं तिचा पदर घट्ट धरून होता.

वृषालीनं मोजे टाकून दिले. उजव्या हाताची दोन बोटं तिनं त्या भोकात घातली, आत नव्यानं धरू लागलेला पातळ पापुद्रा फोडला आणि बोटं फाकवली. हवा जोरानं आत गेली. रणजितची छाती वर आली, खाली गेली, पुन्हा वर आली. त्याच्या ओठांवर हळूहळू रंग आला. तिला रडू फुटलं आणि हसूही आलं.

"घ्या श्वास," ती म्हणत राहिली. "घ्या. मी सोडत नाही. मॅडम आल्याच. घ्या."

तशीच दोघं बसून राहिली, तो पलंगावर, ती त्याच्यासमोर गुडघ्यांवर, तिचा हात त्याच्या गळ्याशी. कितीतरी दिवसांनी ती त्याच्या इतकी जवळ होती. त्यानं तिच्या कपाळावरचे केस मागं सारले. तिच्या बोटांची आग होत होती, कितीतरी दिवस अखंड होत होती, आणि मग ती कमी होत गेली. आधी तिला बरं वाटलं. मग आग पूर्ण थांबली, आणि वृषालीच्या पाठीतून थंड घाम निघाला.

डॉ. मुल्ला आल्या त्या धावतच. त्यांनी एक शब्द न बोलता तिच्या दोन बोटांच्या मधून लांब नळी खाली सरकवली, टोकाशी कान नेऊन ऐकलं आणि मान डोलवली. श्वास मोकळा वाहत होता.

"वाचवलंत, सिस्टर. आता अगदी हळू बोटं काढून घ्या."

वृषालीनं हात मागं घेतला. रणजितची मान हाताबरोबर पुढं आली.

तिनं पुन्हा ओढून पाहिलं. त्याच्या चेहऱ्यावर वेदना उमटली आणि तिच्याही.

"निघत नाहीत, मॅडम."

 मग वृषालीनं घसा साफ केला आणि वॉर्डात सूचना द्यावी तशा स्वरात म्हणाली, "कापा. त्यांच्या मांसाला धक्का नको, नाहीतर तिथं पुन्हा भरायला लागेल. माझ्या बाजूनं कापा. बोटं गेली तर जाऊ देत."

रणजितनं तिचं मनगट पकडलं आणि तो जोरजोरात मान हलवायला गेला. पण मान हलेना, तिच्या हातापाशी अडकली. त्याचे ओठ तेवढे हलत राहिले.

"कापा म्हणते ना मी!"

डॉ. मुल्लांनी बॅगेतून सुरी काढली, डोळ्यांवर भिंग चढवलं आणि त्या वाकल्या. एका बोटाच्या बाजूनं त्यांनी नीट पाहिलं, दुसऱ्या बोटाच्या बाजूनं पाहिलं, उजेड फिरवून पुन्हा पाहिलं. त्यांनी सुरी खाली ठेवली.

"सिस्टर," त्या म्हणाल्या, "तुमची बाजू कुठं संपते, तेच मला दिसत नाहीये."